देवाचं अतिक्रमण

जानेवारी २०२१ मधल्या एका रविवारी सकाळीच दिल्लीच्या चांदणी चौकात कडक बंदोबस्त लागला आणि महापालिकेनं रस्त्यातलं हनुमानाचं मंदिर पाडलं. आदेश उच्च न्यायालयाचा होता. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा करायचं काम चालू होतं, आणि पिंपळाखालचं ते मंदिर नेमकं आराखड्याच्या आड येत होतं. राजकीय पक्षांनी पाडकामाचं खापर एकमेकांच्या डोक्यावर फोडलं. पुढच्याच महिन्यात जवळच, रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात, रातोरात लोखंडाचं नवं मंदिर उभं राहिलं. हनुमानानं जागा तेवढी बदलली होती, रस्ता सोडला नव्हता.

रस्ता माणसांना परत द्यायचा म्हटलं की पदपथ, झाडं, बाकं, दिवे, स्वच्छतागृहं या सगळ्यांचा विचार होतो. देवासाठी मात्र आराखड्यात रकाना नसतो. तो एक तर ‘वारसा’ म्हणून जपला जातो, नाही तर ‘अतिक्रमण’ म्हणून यादीत जातो. सार्वजनिक रस्त्यांवर आणि बागांत नवी प्रार्थनास्थळं उभारू देऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २००९ मध्ये बजावलं आणि जुन्यांचा निर्णय राज्यांनी एकेक प्रकरण तपासून घ्यावा असं सांगितलं. कायद्यापुरतं हे पुरेसं आहे. पण श्रद्धेच्या बाजूनं प्रश्न तसाच उरतो. अवघ्या विश्वाचा धनी ज्याला मानायचं, त्याला पदपथावरचा घुसखोर कसं म्हणायचं? आणि तो खरोखरच चराचरात असेल, तर त्याला पिंपळाखालच्या चार हात जागेचा हट्ट कशाला?

दुसरा प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो विचारणारा माणूस बहुतेक वेळा मोटारीत बसलेला असतो. पाठीवर गठ्ठा घेऊन निघालेल्या हमालाला देवळात जाऊन रांग लावायला सवड नसते. रस्त्याकडेचा देव त्याच्यासाठी असतो. चालता चालता हात छातीला लावायचा आणि पुढं जायचं, एवढाच तो व्यवहार. पुण्यात तर पेठांतल्या देवांनी बाजाराचीच आडनावं लावून घेतली. शेजारी जिलब्यांचं दुकान म्हणून जिलब्या मारुती, आसपास पासोड्या विकल्या जात म्हणून पासोड्या विठोबा. पासोड्या गेल्या, विठोबा आहे. असा देव रस्त्याचा भाग होऊन गेलेला असतो. त्याला उपरा म्हणणं जड जातं.

चांदणी चौकाचंही तसंच आहे. शाहजहानची मुलगी जहाँआरा हिनं १६५० च्या सुमारास हा बाजार वसवला तेव्हा मधून कालवा वाहत होता आणि चौकात हौद होता. आज लाल किल्ल्याकडे पाठ करून चालू लागलं की डाव्या हाताला आधी जैनांचं लाल मंदिर लागतं. त्याच्या आवारात पक्ष्यांचा दवाखाना आहे. पंख मोडलेली कबुतरं तिथं भरती होतात, शिकारी पक्ष्यांना मात्र बाहेरच्या बाहेर औषध देऊन वाटेला लावतात, असं सांगतात. अहिंसेलाही खाटांची मर्यादा असते! शेजारचं गौरीशंकर मंदिर शिंद्यांच्या पदरी असलेल्या आपा गंगाधर या मराठी माणसानं अठराव्या शतकात बांधलं असं मानतात. पुढं बाप्टिस्ट चर्च, गुरू तेगबहादुरांचा १६७५ मध्ये जिथं शिरच्छेद झाला तिथला सीसगंज गुरुद्वारा, त्याला लागून सुनहरी मशीद, आणि रस्ता जिथं संपतो तिथं समोर फतेहपुरी. नादिरशहानं १७३९ मध्ये दिल्लीत कत्तल मांडली ती या सुनहरी मशिदीत बसून. एवढे देव, धर्म आणि रक्ताच्या आठवणी एका सरळ रेषेत बसवणारा रस्ता देशात दुसरा सापडणं कठीण. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याचं नव्यानं उद्घाटन झालं. लाल दगडाची फरशी आली, बसायला दगडी कठडे आले, सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी झाली. सायकलरिक्षा राहिल्या.

देव रस्त्यात असावा की नसावा, याचं उत्तर न्यायालयाच्या आधी पूजाशास्त्रानं देऊन ठेवलं आहे. मूर्ती अचल असते, तशी चलही असते. गाभाऱ्यातली अचल मूर्ती जागची हलत नाही. उत्सवमूर्ती धातूची, लहानशी. ती पालखीत बसते, गावातून फिरते आणि देवळात परतते. वारीत तर मूर्तीही नसते, पादुका असतात. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्काम करते तेव्हा पुण्याच्या मध्यवस्तीतल्या मोटारी निमूट बाजूला होतात, आणि मग पालख्या निघून जातात. गणपतीची मूर्ती मातीची करायची, तिच्यात प्राण आवाहन करून आणायचे, उत्तरपूजा करून ती पाण्यात सोडायची. रस्त्यावर आलेल्या देवानं परत जायचं असतं, ही अट कुणा नास्तिकानं घातलेली नाही. म्हणूनच मांडव उतरला की त्याच जागी मंडळाचं कायमचं मंदिर उभं राहतं, तेव्हा आधी शास्त्र मोडलेलं असतं, महापालिकेचा नियम नंतर. दुकानापुढं दिवसभर लावून ठेवलेली मोटार आणि पदपथावर पक्क्या सिमेंटात बसवलेला देव यांच्यात चालणाऱ्याच्या दृष्टीनं फरक राहत नाही. दोघांनाही वळसा घालून त्याला वाहनांपुढं उतरावं लागतं.

पुरीत मूळ मूर्तीच बाहेर पडतात. जगन्नाथाच्या देवळात अहिंदूंना प्रवेश नाही. पण रथयात्रेला देव ‘बडदांड’ या रुंद रस्त्यावर आला की दर्शनाला कुणाची आडकाठी नसते. पुरीचा राजा सोन्याच्या मुठीच्या झाडूनं रथ झाडतो. सालबेग नावाचा मुसलमान भक्तकवी याच रस्त्यावर जगन्नाथाला भेटला. त्याची समाधी तिथंच आहे आणि रथ आजही तिच्यापाशी थांबतो. देवळाला जे जमलं नाही ते रस्त्यानं करून दाखवलं.

म्हणून लगेच रस्त्याची आरती ओवाळायचं कारण नाही. केरळात वैकमच्या महादेव मंदिराच्या चारही बाजूंचे रस्ते इतके ‘पवित्र’ होते की अवर्ण मानलेल्या जातींना त्यांवरून चालता येत नसे. ख्रिस्ती आणि मुसलमान जाऊ शकत. ३० मार्च १९२४ ला तिथं सत्याग्रह सुरू झाला. मागणी देवळात जायची नव्हतीच, नुसतं रस्त्यानं चालू द्या एवढीच होती. मार्च १९२५ मध्ये गांधीजी तिथल्या नंबुद्री धुरिणांशी बोलायला गेले, तेव्हा बैठक घराच्या आत झाली नाही. आणि ज्याचं त्याचं पूर्वजन्मीचं कर्म, हा युक्तिवाद त्यांना ऐकवला गेला. वर्षअखेर उत्तर, दक्षिण आणि पश्चिमेचे रस्ते खुले झाले. पूर्वेचा बंदच राहिला. तो उघडायला १९३६ चा मंदिरप्रवेशाचा जाहीरनामा यावा लागला. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह मार्च १९३० मध्ये सुरू झाला आणि एप्रिलमधल्या रामनवमीला वाद आला तो रथाच्या दोरावर. सवर्ण आणि अस्पृश्य मानलेले, दोन्हीकडच्या माणसांनी रथ ओढायचा असं ठरलं होतं. ऐनवेळी रथ पळवला गेला आणि दगडफेक झाली. देव चल होता, रस्ता सार्वजनिक होता, तरी दोराला कोणाचे हात लागावेत हे जातच ठरवत होती.

तेव्हा देव चालता की बसता, एवढ्या कसोटीनं भागत नाही. रस्त्यावर उभं राहायला लायक कोण, हे कोण ठरवतं, हा त्यामागचा खरा सवाल. आणि तो आजच्या चकचकीत रस्त्यांनाही चुकलेला नाही. चांदणी चौक मोटारींपासून सोडवला गेला, त्याच रस्त्यावर फेरीवाल्यांनाही मनाई झाली. दुकान राहिलं, हातगाडी गेली. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा २०१४ पासून आहे, तरी असं. खरं तर हातगाडी ही रस्त्यावरची सर्वांत चल वस्तू. संध्याकाळी ती आपल्या पायानं घरी जाते. जुन्या सोवळ्याची जागा इथं सौंदर्यानं घेतली आहे, इतकंच म्हणता येईल. रस्ता स्वच्छ दिसावा म्हणून माणूस हटवायचा, ही रीत वैकमच्या पूर्वेकडच्या रस्त्याला अनोळखी नव्हती.

आणि अचल ते सगळं वाईट, असंही नाही. एप्रिल २०१६ मध्ये याच चांदणी चौकात सीसगंज गुरुद्वाऱ्याबाहेरची पाणपोई अतिक्रमण म्हणून पाडली गेली. संगतीनं ती लगेच पुन्हा बांधून काढली. कागदावर ती आणि हनुमानाचं मंदिर एकाच मापाचे गुन्हे. पण पाणपोई येणाऱ्याला नाव-गाव विचारत नाही. मे महिन्यात रिक्षा ओढणाऱ्याला तिथं थांबावंच लागतं. ती चार फूट बाजूला सरकवता आली असती, पंथाच्या आणि महापालिकेच्या लोकांना एकत्र बसून तिची जागा आखता आली असती. त्याऐवजी एका बाजूनं पहारी आल्या आणि दुसऱ्या बाजूनं अस्मिता.

पुण्यात हे आखण्याचं काम निम्मं आधीच झालेलं आहे. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर मोटारी नसतात. दिवस-रात्र मिळून चोवीस तासांहून जास्त वेळ तो माणसांचा असतो, आणि पेठांतले दवाखाने, दूध, अग्निशमन हे सगळं कुठून जायचं ते ठरलेलं असतं. वाहतूक वळवण्याचे नकाशे पोलिस दर वर्षी प्रसिद्ध करतात, पाण्याची पिंपं आणि फिरती शौचालयं कुठं ठेवायची हे महापालिकेला ठाऊक असतं, गर्दीचा रेटा कुठल्या चौकात तुंबतो ते मंडळांच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतं. वर्षातल्या बाकीच्या दिवसांतल्या एखाद्या रविवारसाठी हे नकाशे बाहेर काढायला कोणत्याही देवाची हरकत असल्याचं ऐकिवात नाही.