खत, माप आणि शेजाऱ्याचा हक्क



पवित्र कुरआनच्या सूरह हिज्रमध्ये (आयत 19) पृथ्वीवर उगवणाऱ्या वस्तूंसाठी ‘मौजून’ हा शब्द आला आहे. मौजून म्हणजे तोललेले, ठरलेल्या प्रमाणातले. सृष्टीनिर्मात्याने रोप मापाने उगवले. आपण मात्र त्याच रोपाला खत मुठीच्या अंदाजाने फेकतो आणि शेजारच्या शेतापेक्षा आपले भात अधिक हिरवे दिसावे म्हणून आणखी एक गोणी फोडतो.

खत घालणे यात वावगे काही नाही. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आपल्या जमिनीसाठी स्वतः खत वाहून नेत, असे फिकहच्या ग्रंथांत नमूद आहे. बाराव्या शतकातील सेव्हिलचे इब्न अल्-अव्वाम यांनी आपल्या कृषिग्रंथात खतांचा तपशीलवार विचार केला आहे. प्रश्न खताचा नसून अतिरेकाचा आहे. सूरह अन्आममध्ये (आयत 141) पिकांचा व फळांचा उल्लेख झाल्यावर, कापणीच्या दिवशी त्यांचा हक्क देण्याच्या आज्ञेला लागूनच उधळपट्टीची मनाई आली आहे. आपण ही मनाई फार तर लग्नाच्या जेवणावळीला लावतो, युरियाच्या गोणीला लावत नाही.

वास्तविक भातखाचरात पाण्यावर फेकलेल्या युरियातील निम्म्याहून कमी नत्र पिकाला मिळते. उरलेले काही वायुरूपाने उडते, काही पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते. नत्र जास्त झाले की भात माजते, लोळते, करपा आणि तुडतुडे वाढतात. 45 किलोची गोणी आपल्याला पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते, कारण किमतीचा मोठा भाग सरकारी तिजोरीतून भरला जातो. म्हणजे वाया गेलेल्या खतात सर्वांचा पैसा असतो, आणि तो आपल्या हाती अमानत आहे.

वाहून गेलेले कोठे जाते? कर्जतच्या खाचरांतील पाणी उल्हास नदीला मिळते. नदी बदलापूर, कल्याण, भिवंडीवरून वसईच्या खाडीत येते आणि खाडीच्या मुखाशी, दक्षिणेच्या अंगाला, उत्तन आणि पाली ही मच्छीमारांची गावे आहेत. नत्र व स्फुरदावर शेवाळ आणि जलपर्णी पोसतात. ती कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासळी गुदमरते. या नदीतील घाणीत सांडपाण्याचा व कारखान्यांचा वाटा मोठा आहे, हे मान्य. परंतु आखिरतमध्ये आपल्याला आपल्याच वाट्याबद्दल विचारले जाईल. पालीच्या कोळीवाड्यातील अनेक कुटुंबे ख्रिस्ती आहेत; शेजाऱ्याचा हक्क त्याचा धर्म विचारून ठरत नाही. कोणाला हानी पोहोचवू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण इब्न माजा यांच्या संग्रहात आहे, आणि न पाहिलेला शेजारी तिच्यातून वगळलेला नाही.

यावर कोकणातच उपाय सापडला आहे. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत रोपवाटिकेला भाताच्या तुसाची राख, खाचरात गिरिपुष्पाचा हिरवा पाला, ठराविक अंतरावर नियंत्रित लावणी, आणि त्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एकेक गोळी 7 ते 10 सें.मी. खोल खोचणे, अशी पद्धत आहे. गुंठ्याला सुमारे 625 गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत खत लागते. चिखलात खोल गेलेले नत्र ना उडते ना वाहते. मुळे ते हळूहळू घेतात.

हाताने गोळ्या खोचण्यास मजूर लागतात, ही तक्रार खरी आहे. ज्यांना ते जमत नाही त्यांनी माती परीक्षणाच्या पत्रिकेनुसार मात्रा ठरवावी आणि नत्र एकदम न देता लावणीच्या वेळी, फुटवे येताना व लोंबी धरताना असे तीन हप्त्यांत द्यावे. खाचरातले पाणी आधी उतरवावे, बांधाची फूट लिंपावी, आणि आभाळ कोसळत असेल तर गोणीचे तोंड न सोडता दोन-चार दिवस थांबावे.