कच्चं, शिजलेलं आणि सात्त्विक

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक ८ ते १०.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे तीन श्लोक डाएट चार्टसारखे वाचलेत. सात्त्विक, राजस, तामस असे तीन कॉलम आणि खाली पदार्थांची यादी. गंमत अशी की या श्लोकांत एकाही पदार्थाचं नाव नाही. कांदा नाही, लसूण नाही, दूध नाही. आहेत ती सगळी विशेषणं. आयुष्य, बळ, आरोग्य, सुख आणि प्रेम वाढवणारं, रसाळ, स्निग्ध, टिकणारं, मनाला भावणारं ते सात्त्विक. फार कडू, आंबट, खारट, फार गरम, तिखट, कोरडं, जळजळ करणारं ते राजस. प्रहर उलटून गेलेलं, नीरस, वास मारणारं, शिळं, उष्टं, अपवित्र ते तामस.

कच्चं की शिजलेलं, हा मुद्दा भगवंतांनी इथे काढलेलाच नाही. तो मी काढतोय, कारण एका मित्रामुळे गेले काही महिने तो माझ्या डोक्यात घोळतोय.

आम्ही एकाच टीममध्ये होतो. त्याने नोकरी सोडली आणि शिरूरकडच्या एका सेंद्रिय शेतावर राहायला गेला. दिवाळीपासून विस्तवावरून उतरलेलं काही खात नाही. मोड आलेले मूग, मटकी, भिजवलेले शेंगदाणे, काकडी, गाजर, मुळा, मेथीचा पाला, ओलं खोबरं, पेरू, केळी. बस. त्याचं म्हणणं असं की शिजवलं की अन्नातला प्राण जातो, म्हणून कच्चं तेच सात्त्विक.

मी तिथे चार दिवस राहून त्याच्यासारखंच खाल्लं. त्याची टिंगल करावी असं तिथे काही नव्हतं. वाफ्यातून उपटून, माती धुऊन, उभ्याउभ्या खाल्लेलं गाजर आणि आपल्या सोसायटीखालचं गाजर ही दोन वेगळी पिकं वाटतात. शिवाय चावायला इतका वेळ लागतो की एका जेवणाला पाऊण तास सहज जातो. आपण लॅपटॉपसमोर सात मिनिटांत डबा संपवतो. अन्नाकडे असं लक्ष देणं ही उपासनाच आहे.

पण तो ज्या शेतावर हे खातो, ते शेत काय खातं ते मी बघितलं. सुभाष पाळेकरांच्या पद्धतीचं जीवामृत तिथे पिंपात करतात: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ते आंबतं. शेजारी शेणखताचा ढीग. कुजत असताना चांगला ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो, आणि तो तसा तापला की रोगजंतू आणि तणाचं बी बरंचसं मरतं. ढीग नीट कुजला नसेल तर त्यावर वाढलेला पाला कच्चा खाणं धोक्याचं असतं, आणि नीट कुजला असला तरी पाला धुवावा लागतोच. म्हणजे तामस यादीतली वास मारणारी गोष्ट जमिनीत जाते आणि वर गोड गाजर येतं. आणि अग्नी तिथेही आहे, फक्त चुलीत नाही, उकिरड्यात आहे.

गीतेतच १५ व्या अध्यायाच्या १४ व्या श्लोकात भगवंत म्हणतात की प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन मीच चार प्रकारचं अन्न पचवतो. चूल या आतल्या अग्नीचं थोडं काम आधी करून ठेवते. शिजताना पिष्ट फुगतं आणि पचायला सोपं होतं. कच्चा राजमा तर विषारीच, सुरण घशाला खाजतो. क जीवनसत्त्व शिजवताना कमी होतं हे खरं, पण गाजरातलं कॅरोटीन शिजवल्यावर शरीराला जास्त मिळतं. आपल्या भाषेत, ट्रेड-ऑफ. आणि प्राणाचंच म्हणाल, तर मोड आलेला मूग दाताखाली गेला की त्याचाही प्राण जातोच की.

हा प्रयोग नवा नाही. गांधीजींनी तो १८९३ मध्ये प्रिटोरियात केला आणि थोड्याच दिवसांत सोडला. १९२९ मध्ये पुन्हा केला: मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, कुटलेला पाला, लिंबू, मध. पोट बिघडलं, आमांश झाला, आणि थांबावं लागलं. हे सगळं त्यांनी आपल्याच साप्ताहिकात छापून सांगितलं. कच्च्या अन्नावरची त्यांची श्रद्धा माझ्या मित्रापेक्षा कमी नसावी. देहाने मात्र नाही म्हटलं.

हे सगळं आरोग्याचं झालं. त्याचं पोट उत्तम चालतंय, मी वाद घालणारा कोण? खरी अडचण माघी पौर्णिमेला आली. शेतमालकांकडे सत्यनारायण होता. त्यांच्या आई द्रोणातून प्रसादाचा शिरा घेऊन आल्या. हा म्हणाला, "आजी, मी शिजवलेलं खात नाही." आजी म्हणाल्या, "अरे, शिजवलेलं कुठं, प्रसाद हाय."

त्याने द्रोण कपाळाला लावला आणि शेजारच्या पोराला दिला. रात्री मला फोन. नियम मोठा की प्रसाद?

त्याच्याकडे गीतेचाच आधार होता, ९ व्या अध्यायातला २६ वा श्लोक. पान, फूल, फळ, पाणी, भगवंत एवढंच मागतात, आणि हे सगळं कच्चं आहे! मला हसू आलं, कारण यादी बरोबर आहे. पण त्या श्लोकाचा भार यादीवर नाही, भक्तीने देणाऱ्यावर आहे. वनवासात द्रौपदीच्या थाळीला चिकटलेलं भाजीचं एक पान श्रीकृष्णांनी खाल्लं, ती गोष्ट आठवा. शिजलेलं, जेवणं उरकल्यावर राहिलेलं. आजच्या श्लोकांच्या कॉलममध्ये टाकायचं तर थेट तामस. तेवढ्याने विश्व तृप्त झालं.

तरी मी त्याला "नियम मोड" म्हटलं नाही. घेतलेला नियम ही थट्टेची गोष्ट नाही. आजीही नियम पाळतातच. ऋषिपंचमीला त्या बैलाच्या श्रमाचं काही खात नाहीत. परसात, बांधावर, नांगर न लावता आलेलं तेवढंच त्या दिवशी चालतं. अगदी कडक नियम. पण त्या दिवशी घरातल्या इतरांची भाकरी त्यांच्या लेखी अशुद्ध होत नाही. वर्षभर ज्या बैलाच्या जिवावर जेवलो त्याची एक दिवस आठवण ठेवायची, असं त्या सांगतात. त्यांचा नियम त्यांना कुणाच्या तरी ऋणाजवळ नेतो.

मित्राला मी एवढंच विचारलं की तुझा नियम तुला कुणाजवळ नेतो? "अमुक दिवसांपर्यंत माझं व्रत आहे" असं सांगितलं असतं तर आजींनी हसून मान डोलावली असती, घरात व्रतं त्यांनी खूप बघितलीत. पण "शिजवलेल्यात प्राण नसतो" असं मनात धरून नाही म्हणणं म्हणजे त्यांच्या चुलीला, आणि भाकरीवर दिवसभर खुरपणाऱ्या बायकांच्या डब्यालाही, तामस ठरवणं. तिसऱ्या अध्यायाच्या १३ व्या श्लोकात स्वतःपुरतं शिजवणाऱ्याला पाप खाणारा म्हटलंय. शिजवतच नाही म्हणून आपण त्यातून सुटलो, असं कच्चं खाणाऱ्याला वाटू शकतं. मला तसं वाटत नाही. एकट्याने, एकट्यासाठी, आपल्या शुद्धीसाठी उपटलेलं गाजरही त्या श्लोकात बसतं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आजींना विचारतो, ऋषीच्या भाजीत काय काय घालतात ते. ती भाजी शिजवतात, हे त्याला माहीत आहे.

उद्या श्लोक ११ ते १३, यज्ञाचे तीन प्रकार. राम कृष्ण हरी.