कुठे आहात? कसे आहात?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आषाढ लागला. तिकडे पालख्या पंढरीच्या वाटेवर आहेत. इकडे आपल्या सिकंदराबादेत लष्कर बोनालूची तयारी चालू आहे, आणि आपल्या सगळ्यांच्या मनात गुरुपौर्णिमा आहे. दरवर्षी या दिवसांत आपण एखाद्या विषयावर चिंतन करतो. यंदाचा विषय आपल्या हातातच आहे, म्हणजे हा फोन. घाबरू नका, फोन टाकून द्या असे आम्ही म्हणणार नाही. हा संदेशसुद्धा तुम्ही फोनवरच वाचताय!

*आधी उपकार मानू या*

सद्गुरू माउली यंत्राला कधी नावे ठेवत नाहीत. ज्याने कष्ट वाचतात त्याचे उपकार मानावेत, असेच त्यांचे सांगणे असते. तेव्हा आधी उपकार मानू.

जुनी आठवण काढा. जुबिली बस स्टँडवर पावसात उभे राहायचे, आणि बस कधी येणार हे बस आल्यावरच कळायचे. २००३ च्या ऑगस्टमध्ये एमएमटीएस सुरू झाली, तेव्हा सिताफळमंडीच्या लोकांना केवढा आनंद झाला होता. पण लोकल आता कुठवर आली आहे हे कळायला कान घोषणेकडेच लागलेले असायचे. २०१७ च्या नोव्हेंबरात मेट्रो आली, तिथे फलाटावर पाटीच सांगते, पुढची गाडी इतक्या मिनिटांत. आणि २०२३ च्या ऑगस्टपासून आपल्या आरटीसीनेही एक अ‍ॅप दिले आहे. बस या क्षणी कुठे आहे ते त्यात दिसते. त्याच वर्षी ९ डिसेंबरपासून बायकांचा बसप्रवास फुकट झाला. त्यामुळे आपल्या कितीतरी मावश्या, काकू आता घरीच चहा घेतात, अ‍ॅपमध्ये बस जवळ आली की चपला घालतात आणि गुरुवारच्या आरतीला वेळेवर पोहोचतात. ही सोय लहान नाही. गुडघेदुखी असलेल्या माणसाला विचारा!

या अ‍ॅपचे नाव काय ठेवले आहे, माहीत आहे ना? *गम्यम्*. गम्य म्हणजे जिथे पोहोचायचे ते ठिकाण. तेलुगूतही तोच अर्थ. शास्त्रातला शब्द बसच्या अ‍ॅपला मिळाला! हा शब्द मनात ठेवा. शेवटी त्याच्याकडे परत येऊ.

मोंडा मार्केटातही तेच. कोथिंबिरीची जुडी घेतली, फोन दाखवला की डबी तेलुगूत ओरडून सांगते, इतके रुपये आले. २०१६ साली यूपीआय सुरू झाले. आज भाजीवालीला सुट्या पैशांची चिंता नाही. पण एक बघा. पूर्वी सुटे मोजता मोजता ती विचारायची, “अम्मा, मुलगा आला का गावाहून?” आता डबी बोलते, त्यामुळे ती मान वर करत नाही आणि आपणही करत नाही. दोष कुणाचाच नाही. पण काहीतरी गेले खरे.

*नकाशाला कसे कळते?*

पॅटनी सेंटरवर गर्दी आहे हे नकाशावर लाल रेघ बघून आपल्याला घरीच कळते. पण नकाशाला ते कुणी सांगितले? आपणच सांगितले! रस्त्यावरच्या ज्या फोनांत ठिकाण चालू असते, ते आपापली जागा आणि वेग कळवत असतात. पुष्कळ फोन एकाच जागी रखडले, नेहमीपेक्षा वेग कमी झाला, की रेघ लाल होते. म्हणजे ती रेघ तुमची-आमचीच असते. मागून येणारा ती बघून दुसऱ्या वाटेने जातो. एकाचा खोळंबा दुसऱ्याच्या कामी येतो. एका अर्थी नकळत घडलेली सेवाच म्हणा ना.

पण आता एक गंमत ऐका. २०२० साली जर्मनीत बर्लिन शहरात सायमन वेकर्ट नावाच्या एका कलाकाराने लहानशा हातगाडीत ९९ जुने फोन भरले. सगळ्यांत नकाशा चालू केला आणि रिकाम्या रस्त्यावरून गाडी ओढत सावकाश चालत राहिला. गूगल मॅप्सने तो रस्ता लाल दाखवला! रस्त्यावर एक माणूस आणि एक हातगाडी. पण नकाशाच्या हिशेबी तिथे तुंबळ गर्दी होती. फोन होते, माणसे नव्हती.

हे वाचून आम्ही आधी हसलो. मग हसू थांबले. कारण आम्हाला आपला ग्रुप आठवला.

*आपल्याच घरातली गोष्ट*

ही गोष्ट सांगावी की नाही, यावर आम्ही बराच विचार केला. मावशींची परवानगी घेतली. त्या म्हणाल्या, “नाव नका घालू, पण सांगा.” म्हणून सांगतो.

मलकाजगिरीकडे राहणाऱ्या आपल्या एक मावशी आहेत. वय सत्तरीच्या पुढे, एकट्याच राहतात. मुलगा पुण्याला. रोज पहाटे साडेपाचला ग्रुपवर त्यांचे ‘श्री गुरुदेव दत्त 🙏’ येणारच. त्या पाठोपाठ आपल्या सगळ्यांचे हात जोडलेले, एकाखाली एक. कधी साठ, कधी ऐंशी.

गेल्या माघात त्या तीन गुरुवार आरतीला आल्या नाहीत. आपल्यापैकी कुणाला वाटलेही नाही की त्या आल्या नाहीत. का वाटावे? सकाळी तर त्या ‘भेटल्या’ होत्या!

आपल्याकडे एक काका आहेत, त्यांच्याजवळ साधा बटणांचा फोन. ते ग्रुपवर नाहीत. तिसऱ्या गुरुवारी आरती झाल्यावर त्यांनी विचारले, “ताई का नाही आल्या?” आम्ही म्हणालो, “बऱ्या आहेत की काका, सकाळीच मेसेज आलाय.” काका म्हणाले, “मेसेज आला असेल. पण दाराशी त्यांच्या चपलांची जागा रिकामी आहे. तीन गुरुवार झाले.”

दुसऱ्या दिवशी काका बसने गेले. अ‍ॅप नाही, थांब्यावर लोकांना विचारत विचारत गेले. जिना चढून दार वाजवले. मावशींना दार उघडायला बराच वेळ लागला. पाय मुरगळून सुजलेला, त्यात चार दिवसांचा ताप. भिंतीला धरून स्वयंपाकघरात जायचे, चहा करायचा, चहात बिस्किट बुडवून खायचे, परत निजायचे. आणि पहाटे साडेपाचला, अंथरुणातूनच, ‘श्री गुरुदेव दत्त 🙏’.

काकांनी शेजाऱ्यांना उठवले, रिक्षा केली, दवाखान्यात नेले. माउलींच्या कृपेने मावशी आता बऱ्या आहेत, काठी घेऊन आरतीलाही येतात.

मुलाला कळले तेव्हा तो फोनवर रडला. म्हणाला, “मी रोज बघत होतो. आईचे लोकेशन घरीच दिसत होते. रात्री फोन केला की ती म्हणायची, बरी आहे.” त्या लेकराला काय दोष द्यायचा? नकाशाने खोटे सांगितले नव्हते. आई घरीच होती.

आणि मावशी आम्हाला काय म्हणाल्या? “रोज सकाळी तुम्ही सगळे भेटत होतात की. एवढे हात जोडलेले बघून वाटायचं, एवढ्या माणसांत आपलं रडगाणं कशाला सांगा.”

बंधू-भगिनींनो, त्या दिवशी आम्हाला बर्लिनची ती हातगाडी कळली. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी गर्दी होती. फोन होते. माणसे कुठे होती?

*अनुसंधान म्हणजे काय*

नकाशा ‘कुठे’ ते सांगतो. ‘कसे’ हे विचारावेच लागते. ते विचारायला लावणारी जी गोष्ट आत असते, तिला आपल्या संतांनी फार सुंदर नाव दिले आहे, *अनुसंधान*.

संत नामदेव महाराजांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, हे आपण जाणता. त्यातल्या एका पदात त्यांनी चित्त कसे लागावे ते रोजच्या जगण्यातल्या दाखल्यांनी सांगितले आहे. मुलगा पतंग उडवताना मित्रांशी गप्पा मारतो, पण चित्त दोरीत. बायका पाणी भरून आणताना हसतात, बोलतात, पण चित्त डोक्यावरच्या घागरीत. आई घरभर कामे करते, पण चित्त पाळण्यात.

त्या आईजवळ कोणते यंत्र होते? तरी बाळ कुशीवर वळले की तिला कळायचे. आजकाल ‘रिअल टाइम’ म्हणतात ना, म्हणजे क्षणोक्षणीची खबर. ती तिला होती. पण खबर कळल्यावर ती पाळण्याकडे *धावायची*. आपल्याला खबर कळते आणि आपण पुढच्या खबरीकडे बोट सरकवतो. फरक एवढाच, पण केवढा!

नामदेव महाराजांची घागर बघायची असेल तर फार लांब जायला नको. थोड्याच दिवसांत उज्जैनी महाकाली मंदिराकडे जाणाऱ्या आयाबहिणी बघा. डोक्यावर बोनम, त्याला हळद आणि कडुलिंबाचा पाला, आत दूध-गुळाचा भात, वर तेवता दिवा. ढोल वाजताहेत, धक्के बसताहेत, कडेवर पोर आहे, आणि दिवा विझत नाही. यालाच चित्त म्हणतात.

या देवळाची कथाही ध्यानात घेण्यासारखी आहे. सांगतात ते असे, की १८१३ च्या सुमाराला इथे पटकीची साथ आली, माणसे पटापट जाऊ लागली. इथल्या पलटणीतले काही लोक तेव्हा उज्जैनला होते. घरापासून शेकडो कोस दूर. त्यांच्यात अप्पय्या नावाचा एक डोली वाहणारा होता. त्यांनी तिथल्या महाकालीला नवस केला, आमचे गाव वाचव, आम्ही तुझी मूर्ती तिथे बसवू. साथ ओसरली, आणि परत आल्यावर १८१५ मध्ये त्यांनी इथे मूर्ती बसवली. आजही लष्कर बोनालूला लाखो लोक तिथे जातात.

गावाकडची खबर त्यांना किती दिवसांनी मिळत असेल? तरी गाव त्यांच्या काळजात होते. आणि परत आल्यावर दिलेला शब्द त्यांनी पाळला. आपल्याला हायटेक सिटीत बसून मारेडपल्लीतल्या आईचा निळा ठिपका दिसतो. प्रश्न असा आहे, ती काळजात दिसते का?

*पुन्हा ‘गम्यम्’*

आता त्या शब्दाकडे येऊ. बस कुठे आहे हे अ‍ॅप सांगते. आपल्याला कुठे जायचे, ते आपण ठरवायचे. आपण म्हणतो, आमचे गम्य सद्गुरूंचे चरण. अगदी खरे. पण त्या चरणांकडे जाणारी वाट मलकाजगिरीच्या एका जिन्यावरून जाते, हे आम्हाला तीन गुरुवार उशिरा कळले. ज्याच्याजवळ नकाशा नव्हता तो त्या वाटेने आमच्याआधी पोहोचला.

*गुरुपौर्णिमेचा संकल्प*

यंदा हार-पेढ्यांबरोबर प्रत्येक घराने माउलींच्या चरणी हे वाहावे, अशी विनंती आहे :

१. आपल्या भागातली दोन घरे वाटून घ्या, जिथे कुणी एकटे किंवा वयस्कर राहते. आठवड्यातून एकदा फोन, आणि फोन म्हणजे *आवाज*, मेसेज नव्हे. महिन्यातून एकदा दाराशी जाऊन भेट.

२. गुरुवारी आरतीनंतर दोघांनी चपलांकडे बघायचे. कोण आले नाही? त्याच रात्री चौकशी. तिसऱ्या गुरुवारची वाट बघायची नाही. ही सेवा आळीपाळीने सगळ्या घरांना मिळेल. पहिल्या महिन्याची आम्ही घेतली आहे, काकांच्या हाताखाली.

३. ग्रुपवर रोज सकाळी हात जोडा, जरूर जोडा. पण आठवड्यातून एकदा त्यातल्या एकाला वेगळे विचारा, “झोप लागते का? जेवण जाते का?”

४. मुलांनो, आईवडिलांचे लोकेशन बघता ना, छान. बघितल्यावर लगेच एक फोन करा. आणि घरी असाल तर फोन उशाशी ठेवून दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसा.

५. आणि हे वडीलधाऱ्यांसाठी, हात जोडून : दुखत असताना “बरी आहे”, “बरा आहे” म्हणू नका. आपल्याला वाटते, कशाला त्रास द्या. पण दुखणे लपवले की दुसऱ्याच्या हातची सेवा जाते. सांगा. आम्ही येऊ.

मावशींनी परवा एक बदल केला आहे. पहाटे साडेपाचचा मेसेज अजूनही येतो, पण आता खाली एक ओळ असते, “पाय आज ठीक” किंवा “आज जरा दुखतोय”. ज्या दिवशी दुखतो त्या दिवशी कुणी ना कुणी जिना चढून जाते. परवा तर तिघे एकदमच पोहोचले, आणि मावशींनाच तिघांसाठी चहा करावा लागला! 😊

हा संदेश घरात मोठ्याने वाचून दाखवावा, विशेषतः ज्यांच्याजवळ साधा फोन आहे त्यांना. वाचून झाल्यावर पुढे पाठवण्याआधी कृपया एक फोन लावा. कुणाला, ते तुमच्या मनात आत्ताच आले असेल.

॥ सद्गुरू माउली सर्वांना चित्त देवो ॥
🙏 श्री गुरुदेव दत्त 🙏