पुन्हा तेथेंच

सुटी जवळ आली कीं ‘यंदां कोठें?’ हा प्रश्न घरोघर निघतो. आमच्या घरीं तो निघत नाहीं, म्हणून स्नेही मंडळींना आमची कींव येते. जग एवढें विस्तीर्ण असतां दर वैशाखांत मुलांना घेऊन त्याच माथेरानला जाणें, हें त्यांना कल्पनादारिद्र्याचें लक्षण वाटतें. या आक्षेपाला आम्हीं आजवर पुष्कळदां उत्तर दिलें आहे. परंतु अलीकडे त्या उत्तरांतच एक मोठी उणीव आम्हांला दिसूं लागली आहे. ती वाचकांपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम तें उत्तर. नव्या ठिकाणीं मूल नुसतें पाहतें. जुन्या ठिकाणीं तें ओळखतें. माथेरानचा डोंगर सुमारें २,६०० फूट उंच. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं त्याची वाट इंग्रजांना दाखविली. १९०७ पासून नेरळहून दोन फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी वर येऊं लागली. ही माहिती कोणत्याहि पुस्तकांत मिळेल. पण आम्ही उतरतों त्या घराच्या पायरीशीं असलेल्या जांभळीची खालची फांदी मुलाच्या हाताला कोणत्या वर्षीं प्रथम लागली, हें कोणत्याहि पुस्तकांत नाहीं. शार्लट तलावाकडे जाणारी लाल मातीची वाट आमच्या मुलीनें आधीं खांद्यावर बसून, मग बोट धरून आणि पुढें धांवत पार केली. आतां तीच वळणावर थांबून आमची वाट पाहते. शीळ घालणारा कस्तुर पक्षी पहिल्याच पहांटे कोणालाहि ऐकूं येतो. तो कोणत्या ओहोळाशीं बसतो हें कळावयास मुलांना तीन सुट्या लागल्या. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा करून मुलांची उंची मोजतात. चौकट हलत नाहीं म्हणूनच तें माप खरें ठरतें. माथेरान ही आमच्या घरची चौकट आहे, असें आम्ही अभिमानानें सांगत असूं.

आतां ती उणीव. माथेरानवर मोटारी दस्तुरीच्या नाक्याशीं थांबतात. तेथून पुढें पायीं चालावें, घोड्यावर बसावें, नाहीं तर माणसांनीं ओढलेल्या हातरिक्षेंत बसावें, असा अनेक पिढ्यांचा रिवाज. तेथील शांतता आणि तेथील झाडी या मोटारबंदीनेंच राखली. २००३ सालीं केंद्र सरकारनें हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हां आम्हांला मनापासून आनंद झाला होता. त्या शांततेची किंमत कोण देतो, हा विचार मात्र तेव्हां मनांत आला नाहीं.

पहिल्या कांहीं वर्षीं आमच्या मातोश्री बरोबर असत. त्यांना चालवत नसे. म्हणून नाक्यावर हातरिक्षा ठरवावी लागे. एक गृहस्थ पुढून ओढीत, दुसरे मागून ढकलीत. दरवर्षीं तेच गृहस्थ आम्हांला शोधीत येत. मुलांनीं त्यांना ‘काका’ म्हणावें, असें आम्हींच शिकविलें. आजीच्या मांडीवर बसून चढ चढतांना एके वर्षीं मुलीनें विचारलें, “बाबा, काका आपल्याला ओढतात, मग आपण त्यांना कधी ओढायचं?” सारे हंसले, काकाहि हंसले. आम्ही हंसलों खरे, पण उत्तर दिलें नाहीं.

ज्या स्थिर चौकटीवर आम्ही आमच्या मुलांची वाढ मोजीत होतों, तिच्यावर दुसरेंहि एक माप उमटत होतें. आमच्या मुलाचा हात फांदीला पोंचला त्याच वर्षीं काकांना अर्ध्या चढावर दोनदां थांबावें लागलें. त्यांचे केंस पिकले, खांदा एका अंगाला झुकला. आमच्या एका वाढीची आणि त्यांच्या एका झिजेची नोंद एकाच डोंगरानें ठेविली. आम्हीं त्यांतली पहिलीच तेवढी वाचली.

जो प्रवासी एकदांच येतो, त्याला अज्ञानाची सबब आहे. तो रिक्षेंत बसतो, पैसे देतो, निघून जातो. परंतु जो बारा वर्षें येतो, त्याच्यापाशीं ही सबब उरत नाहीं. परिचयानें केवळ आनंद वाढत नाहीं; ऋणहि वाढतें. ‘काका’ म्हणून नातें जोडावें आणि नात्याचें ओझें मात्र काकांनींच ओढावें, हा व्यवहार न्यायाचा नव्हे.

हें उमगलें तेव्हां मातोश्री राहिल्या नव्हत्या. आम्हीं ठरविलें कीं आतां माणसाच्या खांद्यावरून जावयाचें नाहीं. त्या वर्षीं नाक्यावरून सारे चालत निघालों आणि स्वतःच्या सदाचारानें मन अगदीं हलकें झालें. चार पावलांवर काकांनीं गांठलें. म्हणाले, “साहेब, आमचं काही चुकलं का?” आमच्या पुण्याची किंमत पुन्हा त्यांनींच भरली होती! त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडाली होती. सामान त्यांच्याकडे दिलें. प्रश्न सुटला नाहीं.

वर्गांत वर्ड्‌स्वर्थची टिंटर्न ॲबी ही १७९८ सालची कविता आम्हीं अनेकदां शिकविली. पांच वर्षांनीं त्याच नदीकांठीं परतलेल्या कवीचें तें चिंतन. त्याची बहीणहि बरोबर आहे. झाडींतून वर चढणारा धूर कवीला दिसतो. तो रानांतल्या बेघर भटक्यांचा असावा अशी शंका त्याच्या मनांत येते, आणि कविता पुढें जाते. त्या धुराशीं थांबावें असें इतक्या वर्षांत आम्हांलाहि सुचलें नव्हतें. निसर्गाकडे परतणाऱ्यांची दृष्टि अशीच माणसांवरून निसटते काय?

पुढें हातरिक्षा ओढणाऱ्यांनींच विजेच्या रिक्षा मागितल्या. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना प्रयोगापुरती अनुमति दिली. ऑगस्ट २०२५ मध्यें त्याच न्यायालयानें ही प्रथा माणुसकीला न शोभणारी ठरविली. ती सहा महिन्यांत बंद करावी आणि ओढणाऱ्यांच्या हातीं विजेच्या रिक्षा द्याव्यात, असा आदेश दिला. ही बातमी वाचतांना आमच्या तोंडून पहिला उद्गार कोणता निघाला? “आतां तेथली शांतता संपली!” आतां मोठी झालेली ती मुलगी समोरच बसली होती. ती कांहीं बोलली नाहीं. पण तिच्या नजरेनें आम्ही वरमलों.

कांटनें १७८५ सालीं सांगून ठेविलें कीं माणसाला केवळ साधन म्हणून वापरूं नये. आम्ही त्यांत एवढीच भर घालूं कीं माणसाला केवळ देखावा म्हणूनहि वापरूं नये. ‘माथेरान होतें तसेंच राहो’ असें म्हणतांना तेथील माणसांनींहि होतें तसेंच राहावें, असें आम्ही न बोलतां म्हणत होतों. आमच्या मुलांनीं मात्र वाढावें! घोडेवाल्यांना आपल्या पोटाची चिंता आहे, झाडांना वाहनांच्या संख्येची भीति आहे. या शंका खऱ्या आहेत, आणि त्यांचा विचार झालाच पाहिजे. पण तो आमच्या स्मृतींच्या सोयीनें होतां कामा नये.

मग परतून जाणें सोडावें काय? आम्हांला तसें वाटत नाहीं. नित्य नव्या ठिकाणीं जाणाऱ्याला त्या चिमुकल्या प्रश्नाची आठवण करून देणारें कोणी भेटत नाहीं. त्याच वाटेवर, त्याच माणसापुढें पुन्हा उभें राहावें लागतें, म्हणूनच बाराव्या वर्षीं कां होईना, डोळे उघडतात. एकाच ठिकाणीं वारंवार जाण्याचा हा गुण स्नेह्यांना सांगावयाचा आम्ही विसरलों होतों.

येत्या वैशाखांत पुन्हा तेथेंच जाऊं. काका विजेच्या रिक्षेच्या चाकाशीं बसलेले दिसले, तर चालण्याची शक्ति असूनहि त्यांच्या शेजारीं बसून एक फेरी करूं. चौकट किंचित् हललेली असेल. मापांत थोडी चूक येईल. ती यावी, अशीच आतां आमची इच्छा आहे.