झिजलेला अंगठा

नर्सी नामदेवच्या पंचक्रोशीतलं एक गाव. 17 सप्टेंबर 2023 ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली आणि गावात चर्चेला उधाण आलं. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, टोपल्या विणणारे अशा 18 व्यवसायांतल्या कारागिरांना प्रशिक्षण, त्या काळात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने विनातारण कर्ज! जन्मात सुई न धरलेल्यांनीही शिंपी म्हणून अर्ज भरले.

अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे होती. सरपंचबाईंनी सगळ्यांना बोलावलं, शिलाई मशीन मांडलं आणि म्हणाल्या, “उशीचा एक अभ्रा शिवून दाखवा.”

त्यांच्या सख्ख्या पुतण्याला बॉबिनही भरता येईना. तो चिडला, “काकू, घरच्या माणसाची परीक्षा?”

“गोरोबाकाका कुंभारांनी मडकी पारखायच्या थापटण्यानं नामदेवरायांनाही पारखलं होतं. कच्चे ठरल्यावर ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेलेच ना? तूही आधी शीक.”

तेवढ्यात बुरूडकाम करणारी म्हातारी पंचायतीत सूप द्यायला आली.

“आजी, तुमचा अर्ज कुठंय?”

“दोनदा केंद्रावर जाऊन आले, माय. आधारचं मशीन माझा अंगठाच घेईना.”

बाईंनी तिचा हात हातात घेतला. बांबू चिरायचा, कांबट्या सोलायच्या, त्यांची धार अंगठ्याने दाबून धरत वीण घट्ट करायची, यातच उभा जन्म गेलेला. अंगठ्यावरच्या रेषा पार पुसल्या होत्या. ज्या कामाने अंगठा झिजला, त्याच कामाची मदत अंगठ्यापायी अडली होती.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आजीला घेऊन हिंगोलीच्या आधार केंद्रावर गेल्या. बाकीच्या बोटांचे ठसे नव्याने नोंदवून घेतले, अर्ज भरला आणि पंचायतीची शिफारस दिली. पुतण्याचा अर्ज त्यांनी नामंजूर केला. घरात चार दिवस अबोला होता, तो त्यांनी सोसला.

तात्पर्य : योजना सरकार आणतं, पण खरा कारागीर कोण हे गावालाच ठाऊक असतं. खोट्या नावाला दिलेली प्रत्येक शिफारस एका खऱ्या कारागिराचा हक्क हिरावते. म्हणून सही करण्याआधी कागद पाहावाच, पण अर्जदाराचे हातही पाहावेत. आणि जो कारागीर अर्जापर्यंत पोहोचलाच नाही, त्याच्या दारी आपण जावं.