कोणाला दिसतंय!

बँकेत पाच पैशांच्या फरकासाठी रात्री जागवलेला मी, परवा चिरंजीवांबरोबर घरी सर्किट बोर्ड करायला बसलो. तांब्याचा पत्रा घासला, ड्राय फिल्मचा आतला पापुद्रा सोलून ती चिकटवली, वरून इस्त्री फिरवली. मोहरीएवढा बुडबुडा राहिलाच.

"बाबा, काढून दुसरी लावू या?"

"अरे, कोणाला दिसतंय!"

निगेटिव्ह ठेवून अतिनील प्रकाश दिला. कडक न झालेली फिल्म धुण्याच्या सोड्यात निघून गेली. मग फेरिक क्लोराइड. त्याने नेमकी बुडबुड्याखालचीच रेघ खाल्ली!

ज्याला डोळेच नाहीत, तो डोळेझाक कशी करणार? माणसाला दोन दिलेत, ते बहुधा त्यासाठीच. चिरंजीव काही बोलले नाहीत. फरक माझ्याच खात्यात निघाला होता. मुकाट्याने नवा पत्रा घासायला घेतला.