मुहाजिर, किती पिढ्या?

मुंबईत ओळख झाली की दुसराच प्रश्न येतो, ‘गाव कोणतं?’ कोणी रत्नागिरी सांगतो, कोणी आझमगढ, कोणी कच्छ. अंधेरी-जोगेश्वरीत जन्मलेली आमची मुलंही आजोबांचं गाव सांगून मोकळी होतात. पण ज्याचं गावच सीमेपलीकडे राहिलं, त्यानं काय सांगावं?

१९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदू कुटुंबांना कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत ठेवण्यात आलं. बराकींत पडदे लावून संसार मांडले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. मुलुंड, चेंबूरलाही अशा वसाहती झाल्या. पण उल्हासनगरचा माणूस पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतो. छावणी उठली, शब्द उठला नाही.

त्याच सुमारास इकडचे कित्येक उर्दूभाषक कराचीला गेले. तिथं ते ‘मुहाजिर’ ठरले; कराचीतच जन्मलेली त्यांची नातवंडंसुद्धा. वास्तविक हा सन्मानाचा शब्द. मक्केहून मदिनेला हिजरत करून गेले ते मुहाजिर, आणि ज्यांनी त्यांना आपल्या घरात, मिळकतीत वाटा दिला ते अन्सार. हे दोन्ही शब्द जोडीनं नांदले. अन्सार उरले नाहीत की मुहाजिर हा नुसता शिक्का होतो.

मग आपलेपणा येतो कशानं? पुष्कळांचं उत्तर असं, की इथं रुजायचं तर जुनं विसरा. सिंधी तरुणांनी ते बरंचसं ऐकलं. हिंदी, इंग्रजी, मराठी आत्मसात केली. १९६७ साली सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळालं, पण अरबी वळणाची लिपी घरोघरी मागे पडत गेली. आजोबांनी जपलेल्या पत्रातली बरीच अक्षरं माझ्यासारख्या उर्दू शिक्षकाला लागतात, त्यांच्या नातवाला लागत नाहीत. एवढं विसरूनही राष्ट्रगीतातला ‘सिंध’ काढा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेलीच. २००५ साली न्यायालयानं ती फेटाळली. राष्ट्रगीत म्हणजे प्रदेशांची जंत्री नव्हे, असा त्या निकालाचा आशय.

आधीपासून राहणाऱ्यांची भीती खोटी असते असं नाही. जागा थोडी, नोकऱ्या थोड्या. पण त्यावर उपाय न्याय्य वाटणीचा आहे. कोणाच्या आठवणींची झडती घेऊन घरं वाढत नाहीत. शिवाय जो आपल्या आजोबांचं गाव भीतीनं लपवतो, तो नव्या गावावरही मोकळ्या मनानं प्रेम करू शकत नाही. त्याची निष्ठा म्हणजे परीक्षेला बसलेल्या मुलाची पाठांतरं.

‘गाव कोणतं?’ या प्रश्नाला ‘शिकारपूर, आणि उल्हासनगर’ असं उत्तर मुलानं न चाचरता द्यावं, आणि ऐकणाऱ्यानं भुवई न उंचावता पुढची गोष्ट विचारावी. आपलेपणाचा अर्धा भार येणाऱ्यावर आहे. उरलेला अर्धा आपल्यावर, म्हणजे आधी येऊन बसलेल्यांवर.